काळं कोण, लोहार की लोखंड?

"सर, ब्लॅकस्मिथमधलं ब्लॅक कशासाठी? त्याची आंघोळ राहिलेली असते म्हणून?"

हे भर वर्गात विचारायची पैज मागच्या बाकावरच्या तिघींनी ठिणगी नावाच्या वर्गमैत्रिणीशी लावली होती. तिचे बाबा लोहार, हे तिघींनाही पक्कं ठाऊक. ती लाजून खाली बसेल, असा त्यांचा हिशेब. ठिणगीने मात्र प्रश्न असा खणखणीत विचारला की खिडकीबाहेरचा शिपाईसुद्धा थबकला.

इंग्रजीच्या सरांनी वीस वर्षांचं तयार उत्तर फेकलं. कोळशाची काजळी अंगावर बसते, म्हणून.

"मग गोल्डस्मिथ सोनेरी असतो का, सर?"

सरांचा चष्मा घसरला. पण माणूस सरळ. त्यांनी कपाटातून विटेएवढा शब्दकोश काढला, पानांवर बोट फिरवलं आणि आपण वीस वर्षं थाप मारत होतो, हे कबूल करून टाकलं. ब्लॅक आहे ते लोखंड, काळा धातू. स्मिथ म्हणजे घडवणारा कारागीर. माणसाच्या रंगाशी काडीचा संबंध नाही.

मागच्या बाकाची तोंडं एवढीशी झाली.

ठिणगी घरी पळतच आली. खाली भट्टी, वर दोन खोल्या. जिन्यातल्या कोनाड्यात शाळेचा फॉर्म ठेवलेला होता, उद्या द्यायचा. पुढच्या शिक्षणाच्या रकान्यात बाबांनी पेन्सिलीने 'कॉमर्स' लिहिलेलं आणि वडिलांच्या व्यवसायात दरवर्षीसारखं 'किरकोळ व्यापार'. लोहार लिहिलं की लोक आधी हातांकडे बघतात, असं त्यांचं म्हणणं. गिऱ्हाईक आलं तरी ते हात पाठीमागे घेत. भाता ओढणारी आईही म्हणायची, हात काळे करायला आम्ही दोघं पुरे. लेकीने चोरून घडवलेल्या वाकड्या हुकाला मात्र तिने स्वतःची पिशवी अडकवली होती.

ठिणगीने खोडरबर चालवलं, पेन चालवलं आणि भट्टीपाशी जाऊन शब्दकोशाची सगळी हकीकत एका दमात सांगितली.

बाबांच्या सांडशीतली लाल सळई बघता बघता काळी पडली. ते सवयीने हात पुसायला फडकं शोधू लागले.

"फडकं राहू द्या, बाबा. आई, तूही ऐक. कॉमर्स खोडलंय, मी धातुकाम घेतेय. व्यवसायात लोहार लिहिलंय, पेनाने. आता त्याच हातांनी सही करा."