कोपीतला दिवा

नातीला वेळेवर गरम भाकरी मिळावी, म्हणून केवळाबाई लातूरच्या भाड्याच्या खोलीत राहायला आली. आरती बारावीला. शिकवण्यांचं खूळ असं वाढलेलं, की गल्लीत माणसांपेक्षा दप्तरंच जास्त दिसायची. भाकरी केवळाबाई ओट्याशी उभ्यानंच थापायची. दहा वर्षांमागं भूकंपात गुडघ्यावर तुळई पडली. हाड जुळलं, पण बाई जमिनीवर बसायची ती बंदच झाली.

खरं सांगायचं तर गुडघ्यापेक्षा भीतीच मोठी होती. भूकंपाच्या त्या पहाटे ती तुळईखाली अडकलेली. हातभर अंतरावर नवरा, अण्णाराव, कण्हत होता. मग कण्हणं थांबलं. तिला उठता आलं नाही, हातही पोचला नाही. खाली बसलो की आपण अडकणार, हे तेव्हापासून मनात बसलं ते बसलंच.

येळवशीला महिना उरला. रानपूजेच्या त्या अमावस्येला निलंग्याजवळच्या त्यांच्या शेतात कडब्याची खोपटासारखी कोप उभी राहते. घरच्या थोरल्या बाईनं वाकून आत शिरायचं, खाली बसून पांडव म्हणून मांडलेल्या पाच दगडांपुढं दिवा लावायचा. दहा वर्षं तो सून लावत होती अन् केवळाबाई बाहेर खुर्चीवर बसून तोंड फिरवत होती.

"औंदा दिवा म्या लावणार," ती म्हणाली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी उठबस शिकवली. खिडकीचा गज धरायचा, मागच्या खुर्चीला टेकायचं नि उठायचं. जमलं की खुर्चीच्या जागी स्टूल, मग पाट. दिवसाला दहाच.

पण अण्णाराव तालमीतला गडी! बैठका मारायच्या तर शंभर, हे तिनं जन्मभर ऐकलेलं. आरती शिकवणीला गेली तशी बाईनं पन्नास काढल्या. संध्याकाळी गुडघा टम्म! आठ दिवस वाया गेले.

"आज्जे, कोन्त्या कुस्तीला चाललीस?"

"तुज्या आज्याच्या," म्हणून ती फुगून बसली.

मग मात्र दहाच्या दहा. डोळे मिटून ती खाली जाई, तशी खोली विरून जाई. करडईचा वास येई, पायाखाली काळी माती लागे, बांधावरून कुणी ओळखीचं खाकरे. डोळे उघडले की पुन्हा खिडकीचा गज हातात.

येळवशीला ती वाकून कोपीत शिरली. हळूहळू खाली गेली आणि बसली. कडब्यातून उन्हाचे पिवळे कण अंगावर गळत होते. तिनं वर पाहिलं. हे कोसळलं तरी अंगावर कडबाच पडणार! तिला हसू आलं, मग रडू आलं. दिवा लावून तिनं शेजारच्या मोकळ्या मातीवर हात ठेवला. दरसाल दिवा लावताना अण्णाराव तिथंच बसायचा. या खेपेला हात पोचला.

बराच वेळ झाला तशी आरती दाराशी वाकली. "आज्जे, उठता येईना का?"

"येतंय की गं," केवळाबाई म्हणाली. "म्हनून तर बसून राहिले."