समोरून बिननंबरी

मित्रांनो, मी एक जुनी लाल स्पोर्ट्स कार आहे. दोन दारे, दोनच जागा आणि उंची इतकी बेताची, की माझ्यात बसायचे तर थोरामोठ्यांनाही आधी माझ्यापुढे वाकावे लागते. आता माझा रंग विटला आहे आणि इंजिन सकाळी खोकते. पण एके काळी मी रस्त्याने निघाले की माना वळत. त्या वळणाऱ्या मानांपायी माझ्या माणसांवर काय प्रसंग गुदरला, ते आज तुम्हांला सांगते.

कारखान्यात एका बाईने मला लाल रंग दिला. रंगाचा एक हात वाळला, की ती आपल्या हाताच्या पालथ्या बाजूने मला चाचपून पाही आणि मगच दुसरा हात देई. माझ्या नाकाखाली एक आणि पाठीमागे एक, अशा नंबराच्या पाट्यांसाठी दोन जागा राखलेल्या होत्या.

माझे मालक चष्म्यांचे दुकान चालवत. लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पण गंमत पाहा, लोकांचे नंबर काढता काढता एके दिवशी त्यांनी माझाही नंबर काढला! म्हणजे समोरची पाटी स्क्रू सोडवून खाली उतरवली आणि डिकीत टाकून दिली.

मालकीणबाई पोहायला शिकवत. आवाज खणखणीत, बोलणे रोखठोक. त्यांनी अंगणात येऊन पाहिले आणि विचारले, "हे काय केलंत?"

"नवरीच्या नाकावर कुणी पाटी ठोकतं का? आता बघ कशी दिसते!"

"तुमच्या दुकानावर ठोकलीय ना चांगली हातभर?"

"दुकान एका जागी उभं असतं गं. ही धावते."

"मग धावतं त्यालाच नाव हवं. उभं असतं ते कुठंही सापडतं."

मालक हसले आणि फडक्याने माझे नाक पुसू लागले. खरे सांगायचे तर मलाही तो नवा चेहरा आवडला. लोक थांबून माझे फोटो काढत. पोलिसांनी एकदोनदा हटकले, तेव्हा मालक म्हणाले, "उद्या नक्की लावतो, साहेब." पण त्यांचा तो उद्या काही उजाडला नाही.

मग ती दुपार आली.

मालकीणबाईंचे दिवस भरायला अजून अवकाश होता. मालक दुकानात एका गिऱ्हाइकाचे डोळे तपासत होते. एवढ्यात घरून फोन आला. "अहो, लगेच या. रक्त जातंय. रुग्णवाहिका नदीपलीकडे अडकलीय म्हणतात." गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची ती अवजड चौकट तशीच राहिली आणि मालक धावत माझ्यात येऊन बसले. घरी पोचताच त्यांनी बायकोला आधार देत आत बसवले. माझे स्टिअरिंग त्यांच्या घामेजल्या हातांतून निसटत होते.

रुग्णालय पुलाच्या पलीकडे होते. आम्ही पुलाशी आलो आणि पाहतो तो काय, आडवे कठडे लावलेले, पोलीस उभे, आणि त्यांच्यामागे माणसांचा घोळका. मला पाहताच एक जण ओरडला, "हीच ती! समोर पाटी नाही बघा!"

झाले होते असे. थोड्याच वेळापूर्वी शाळेजवळच्या चौकात एका लाल, बुटक्या गाडीने वाहतूक पोलीस असलेल्या एका तरुण मुलीला उडवले होते आणि गाडी तशीच पळाली होती. रस्त्यावर पडल्या पडल्या ती मुलगी एवढेच बोलली होती, "लाल गाडी. समोर नंबर नव्हता." मालकांचा घरी जायचा नेहमीचा रस्ता त्याच चौकातून होता. त्या दिवशी घाईत त्यांनी मला गल्लीबोळातून पिटाळले होते. पण हे आम्हां दोघांखेरीज कुणाला ठाऊक?

"खाली उतरा," फौजदार म्हणाले.

"साहेब, बायको अडलीय..."

"खाली उतरा म्हणतो ना!"

मालक उतरले आणि धावत माझ्या मागे गेले. "हा बघा, इथं आहे नंबर! मागं आहे!"

"मागचा कुणी पाहिलाच नाही. मध्ये बस आली," फौजदार म्हणाले. आता त्यांचा आवाज खाली आला होता, त्यामुळे अधिकच भीती वाटत होती. "समोरून आलेली बिननंबरी लाल गाडी, एवढीच खूण आहे. ती तुमची नव्हे, हे मी कशावरून ओळखू? सांगा."

कुणीतरी माझ्या टपावर मूठ हाणली. मी सगळे जाणत होते, मित्रांनो, पण गाडीची साक्ष कोण काढतो?

एक उंचेपुरे, पिकल्या मिशांचे हवालदार पुढे झाले. त्यांचे डोळे लाल झाले होते. "साहेब, ती पोर माझ्या हाताखाली तयार झालीय. याला सोडू नका."

तेवढ्यात आतून मालकीणबाईंचा आवाज आला. वेदनेने पिळवटलेला, तरीही स्पष्ट. "काका, यांना धरा, बांधून ठेवा, काय करायचं ते करा. पण मला आधी पलीकडे न्या. दोन जीव आहेत इथं."

पोलिसांची जीप जखमी मुलीला घेऊन गेलेली होती. माझ्यात जागा दोनच. मालकांनी किल्ली पुढे केली. "मी इथंच बसतो, साहेब. हिला कुणीही न्या. पाया पडतो, पण न्या." आणि ते खरोखरच तिथे डांबरी रस्त्यावर बसले.

फौजदारांनी किल्ली उचलली आणि हवालदारांच्या हातात ठेवली. हवालदारांनी किल्लीकडे पाहिले. मग ते माझ्यात शिरले. टोपी टपाला अडली, ती काढून त्यांनी मागे टाकली. गुडघे स्टिअरिंगला टेकले. जीप चालवणारा तो हात, त्याने मला असा हिसका दिला की मी बंदच पडले. मालकीणबाई कळवळल्या.

"हळू, काका. क्लचवरचा पाय सावकाश सोडा," त्या दात आवळून म्हणाल्या. "आणि श्वासही सोडा. तुम्ही धरून ठेवलाय."

पूल ओलांडला. हवालदारांनी रस्त्यावरची नजर न काढता विचारले, "खरं सांगा ताई. त्यानंच उडवलं ना तिला?"

एक कळ सोसून मालकीणबाई म्हणाल्या, "मी बरोबर नव्हते, काका. शपथ घेऊन कसं सांगू? पण ते पळणाऱ्यातले नाहीत. भांडण झालं तरी घर सोडून जात नाहीत. तिथंच रुसून झोपतात."

हवालदारांचे ओठ किंचित हलले, पण हसू आले नाही.

बातमीचे पाय माझ्या चाकांहून चपळ निघाले. बाजाराच्या वळणावर माणसे जमली होती. मी बुटकी, त्यामुळे आतली खाकी वर्दी कुणाला दिसेना आणि टोपी तर मागे पडलेली. "तीच लाल गाडी! पळतोय बघा!" असा गलका झाला आणि एक दगड सणसणत आला. माझ्या समोरच्या काचेला तडा गेला आणि क्षणात त्याचे जाळे झाले. हवालदारांनी एक हात मालकीणबाईंच्या पोटापुढे आडवा धरला आणि खिडकीतून ओरडले, "अरे, पोलीस आहे मी!" पण त्या गोंधळात ऐकतो कोण? दुसरा दगड माझ्या दारावर बसला. मी जीव खाऊन पळाले.

बाजार मागे पडला तेव्हा हवालदारांचा आवाज घोगरा झाला होता. "मी आत्ता बसलो या गाडीत," ते स्वतःशीच पुटपुटले, "आणि मीच गुन्हेगार झालो."

रुग्णालयाच्या दारात त्यांनी मालकीणबाईंना दोन्ही हातांवर उचलले आणि आत नेले. माझे दार सताड उघडे, इंजिन चालू. तशीच मी धडधडत उभी राहिले. आसनावरचा रक्ताचा डाग वाळत गेला. मग कुणीतरी येऊन मला बंद केले, आणि त्या शांततेत तर वाट पाहणे अधिकच अवघड झाले.

ऊन कलल्यावर हवालदार बाहेर आले आणि माझ्या दाराशी टेकून त्यांनी फोन लावला. "साहेब, आमच्या पोरीचं ऑपरेशन झालं. जिवाचा धोका टळला, पण पायाचं काही सांगत नाहीत." मग ते जरा थांबले. "आणि त्याला सांगा, मुलगी झाली. फार लहान आहे, काचेच्या पेटीत ठेवलीय. आई बरी आहे." पलीकडून काहीतरी विचारले गेले असावे. "हो साहेब, मीच सांगतोय. त्याला कळायला हवं."

दुसऱ्या दिवशी नदीपलीकडच्या एका बंद गोदामात ती दुसरी लाल गाडी सापडली. तिच्या जाळीत खाकी कापडाची चिंधी अडकली होती आणि तिच्याही नाकावर पाटी नव्हती. मालक सुटले. पण लेकीचा पहिला दिवस त्यांनी चौकीतल्या बाकावर काढला होता, तो काही परत मिळणार नव्हता. रुग्णालयात येताच त्यांनी आधी लेकीला पाहिले, मग खाली येऊन डिकी उघडली आणि माझी पाटी स्वतःच्या हातांनी जागेवर बसवली.

पुढे काही दिवसांनी मी रुग्णालयाच्या आवारात उभी असताना हवालदार एक चाकांची खुर्ची ढकलत बाहेर आले. खुर्चीत ती वाहतूक पोलीस मुलगी होती, पाय प्लास्टरमध्ये. मालक चटकन पुढे झाले आणि त्यांनी हात जोडले.

"तुमची चूक नव्हती, दादा," तीच म्हणाली. "तो दुसरा होता."

"पाटी तर मीही काढली होती."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "एक सांगू? मला बाजूला व्हायला वेळ होता. गाडी अंगावर येतेय म्हटल्यावर मी सवयीनं नंबर बघायला गेले. दिसेना, म्हणून शोधत राहिले. उडी मारायची ती तेवढ्यात राहून गेली."

मालकांनी मान खाली घातली. हवालदारांनी खुर्ची सावलीत वळवली.

मित्रांनो, ती आता काठी घेऊन चालते आणि पुन्हा त्याच चौकात उभी राहते. मालकांची लेक शाळेत जाऊ लागली आहे, तीही तिथूनच रस्ता ओलांडते. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही हाती गाडी येईल. तिला हवी तशी सजवा, धुऊनपुसून लखलखीत ठेवा, पण तिची ओळख तिच्या तोंडावर राहू द्या. समोर उभ्या असलेल्या माणसाला ती शोधत बसावी लागू नये.