आत्याचं टेंगूळ

"रस्ता गुळगुळीत नको!" म्हणून भांडणारी बाई आमच्याच गावात निघायची! सगळं गाव डांबराकडं डोळे लावून बसलेलं, आणि आमची आत्या पदर खोचून रस्त्याच्या साहेबांपुढं उभी.

"खड्डे आहेत म्हणून गाड्या हळू येतात, साहेब. उद्यापासून सुसाट सुटतील. आमचे हे ठार बहिरे अन् शेत पडलं रस्त्यापलीकडं. माझ्या दारासमोर एक गतिरोधक टाका."

"मोठ्या रस्त्यावर गतिरोधक नियमात बसत नाही, बाई."

"मग माणूस चिरडलेला बसतो का नियमात?"

साहेब गाडीत बसले आणि काच वर केली. आत्या आत जाऊन भांडी आपटत बसली. समोरच्या घरात राहतो मी, मला सगळं ऐकू येतं. आतोबांना तेही येत नाही. बायकोची बडबड ऐकून ऐकून कान गेले, असं मी म्हणतो, पण आत्या जवळपास नसताना. तिच्या हातवाऱ्यांशिवाय त्या माणसाला काही कळत नाही.

दुपारी डांबर पसरायचं मशीन गावाच्या टोकाला येऊन उभं राहिलं. मशीनवाला पाणी मागायला नेमका आत्याच्याच दारात. मिशीला पीळ देत म्हणाला, "मी अंथरलेल्या रस्त्यावर पाण्यानं भरलेला पेला घेऊन जा मोटारीतून. थेंब सांडला तर मिशी उतरवीन."

"एवढं कसं हो जमतं?" आत्यानं दुसरा तांब्या भरून आणला.

"थांबायचं नाही, बस! मशीन थांबलं की मागची, डांबर सपाट करायची पाटी तिथंच रुतते, डांबराचा माल थिजतो. पुन्हा सुरू केलं की रस्त्याला टेंगूळ आलंच म्हणून समजा."

"अगं बाई!" आत्या म्हणाली. आणि मग गप्प बसली. आत्या गप्प बसली की मला धडकी भरते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन धडधडत आमच्या दारांपाशी आलं. डंपर त्याच्या पोटात वाफाळता माल ओतून बाजूला झाला. तेवढ्यात आतोबा गाय घेऊन घराबाहेर पडले. रस्त्याच्या मधोमध पोचून त्यांनी सवयीनं मागं वळून बघितलं आणि दारातून आत्यानं पंजा उभा धरला. थांबा!

आतोबा थांबले. गायही थांबली.

मशीनवाल्यानं करकचून मशीन उभं केलं. हॉर्न वाजवला, शिट्ट्या मारल्या. मजूर बोंबलले, "ओ बाबा, सरका!" आतोबांचं मशीनकडं लक्षच नाही. ते आपले बायकोच्या पंजाकडं बघत उभे. मी पोट धरून हसत होतो.

मशीनवाला खाली उतरला, तणतणत आतोबांच्या कानाशी गेला आणि असा ओरडला की गाय दचकली. आतोबांची पापणीही हलली नाही.

तिथं मात्र माझं हसू विरलं. मशीनवालाही वरमला. त्यानं आतोबांकडं बघितलं, दारातल्या आत्याकडं बघितलं. आत्यानं पंजा अजून खाली घेतला नव्हता.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "काल पाणी पाजलंत ते ह्याच्यासाठी होय?"

"बाबा, तू म्हणशील ते बोलून घे. पण उद्या ट्रकवाला हॉर्नच वाजवणार ना रे?" आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

एक मजूर म्हणाला, "मिस्त्री, बाबांना अन् गाईला सरकवलं. चला, माल थिजतोय."

मशीनवाल्यानं एकदा मिशीवरून हात फिरवला. मग आत्याच्या ओट्यावर ऐसपैस बसला. "मशीन तापलंय. निवू दे जरा. मावशी, पाणी आणा."

दोन तांबे पाणी त्यानं घोट घोट करत संपवलं. मग मशीन सुरू केलं. नंतर रोलरनं वर खूप चकरा मारल्या, पण टेंगूळ काही दबलं नाही. साहेब येऊन कडाडले. मशीनवाला खाली मान घालून म्हणाला, "गाय आडवी आली, साहेब."

आता भलेभले ट्रक आत्याच्या दारासमोर नाक मुठीत धरून हळू जातात. आतोबा मात्र रोज सकाळी त्याच टेंगळाला ठेचकाळतात आणि गावभर ऐकू जाईल असं ओरडतात, "कुठल्या गाढवानं केलाय हा रस्ता?"

आत्याला एवढं बोललेलं दुसऱ्या कुणाचं खपलं नसतं. ती दारातून हातानं नुसती खूण करते, पाय उचलून टाका.