मिश्रीची सकाळ

धायरीत शेत होतं तेव्हा मैनाबाई रोज सकाळी गोठ्यामागच्या दगडांवर बसून मिश्री लावायची. तव्यावर जाळलेल्या तंबाखूची काळी पूड तळव्यावर घ्यायची आणि बोटानं हिरड्यांवर फिरवत राहायची. शेजारची मुक्ताबाई आणि आणखी दोघीतिघी तिथंच असायच्या. डोकं हलकं व्हायचं, जीभ सैल सुटायची. कुणाची सून रुसून माहेरी गेली, कुणाचा नवरा परत प्यायला लागला, सगळं तिथंच कळायचं. मैनाबाईचा नवरा सोनबा गेला तेव्हा घरात तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. रडली ती त्या दगडांवर, तोंडात मिश्री असताना.

मग शेत बिल्डरला दिलं. मैनाबाईला नवव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला, मुक्ताबाईला समोरच्या इमारतीत. मुलगा माधव आणि सून शालू सकाळीच कामाला जायची. मैनाबाई बाथरूममध्ये बादली पालथी घालून, दार लावून मिश्री लावायची. एकदा गॅसवर तंबाखू भाजली तर वरच्या मजल्यावरचे गृहस्थ काय जळतंय म्हणून बघायला आले.

गालात पांढरा चट्टा दिसला म्हणून शालूनं तिला कर्वेनगरच्या दाताच्या डॉक्टरकडे नेलं.

"आजी, मिश्री आजपासून बंद," डॉक्टर म्हणाल्या. "कॅन्सर व्हायला वेळ लागत नाही."

मैनाबाईनं सोडली. डोकं ठणकलं, पोट साफ होईना, माधववर उगाच खेकसून झालं. हळूहळू तेही थांबलं. सकाळ मात्र सरता सरेना. शेवटी ती मुक्ताबाईकडे गेली.

"मैने! ये, ये." मुक्ताबाईनं खुशीत डबी पुढं केली.

"नगं. डाक्टरनी बंद केलीय."

"मग काय मी लावती ते बघाय आलीस व्हय?"

"बसाय आले गं."

मुक्ताबाईनं डबी मिटली. घरात कोण कोण आहे, गुडघे कसे आहेत, एवढं बोलून झालं. थोड्या वेळानं मुक्ताबाईनं टीव्ही लावला. मैनाबाईनं बराच वेळ पडद्याकडे बघितलं आणि उठली. मुक्ताबाई दारापर्यंत आली. "परत ये," म्हणाली, पण कधी ते म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी मैनाबाईनं कपाटामागं लपवलेली पुडी काढली आणि गॅलरीत बसून मिश्री लावली. तीच चव, तेच हलकं डोकं. काहीतरी बोलावंसं वाटून तिनं बाजूला बघितलं. तिथं कपडे वाळत होते. तिला एकदम हुंदका आला.

शालू डबा भरता भरता बाहेर आली. सासूचं काळं तोंड बघून तिचा चेहरा उतरला. पण ती ओरडली नाही. शेजारी खाली बसली.

"आत्या, इतकं चांगलं वाटतं का हो त्यानं?"

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मैनाबाईनं चूळ भरली.

"वाटतं. खोटं कशाला बोलू? पण आज न्हाई वाटलं. चारचौघीत वाटायचं."

"काय बोलायच्या तुम्ही?"

"काय न्हाई बोलायचो? एकदा मुक्तीच्या म्हशीनं..." मैनाबाईला सांगता सांगता हसू फुटलं. शालूही हसली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. कंपनीची गाडी खाली आली होती.

"संध्याकाळी सांगा हं, सगळं," म्हणत ती चप्पल घालून पळाली.

मैनाबाईनं पुडी कमोडमध्ये ओतली आणि पाणी सोडलं. दिवसभर तिला म्हशीची गोष्ट आठवत राहिली. मधलं काही विसरलेलंही आठवलं.

शालू आली तेव्हा अंधार पडला होता. कात्रजला ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली होती. डोकं दुखत होतं म्हणून ती दोन घास खाऊन आडवी झाली. मैनाबाईनं तिच्या अंगावर चादर घातली, दिवा मालवला आणि आपल्या खोलीत गेली.