टेकडीमागची शर्यत

मित्रांनो, मी सोसायटीचा जुना कर्णा. लोहाऱ्याजवळच्या एका गावी खताच्या गोदामात फाटक्या ताडपत्रीखाली पडून असतो. माझ्या तोंडात गांधीलमाश्यांनी घर केले आहे. तुम्हाला माझी कीव आली असेल, तर ती आवरा. गांधीलमाश्या निदान उगाच बोलत नाहीत. आयुष्यभर ज्यांचे बोलणे मी गावभर ओतले, त्यांच्यापेक्षा ही संगत फार बरी.

माझा जन्म सोलापुरातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. ज्या कारागिराने मला ठोकून गोल केले, तो दिवसभरात चार शब्दही बोलत नसे. मला वाटले, सगळी माणसे अशीच असतात. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावच्या सहकारी सोसायटीने मला विकत आणले आणि हा गैरसमज पहिल्याच सकाळी दूर झाला. मला हळदकुंकू वाहिले, कागदी फुलांचा हार घातला, कारण खरी फुले त्या वर्षी औषधालाही नव्हती. मग तेव्हाचे चेअरमन माझ्यातून बोलायला उभे राहिले, ते उन्हे डोक्यावर आली तरी बसेनात. समोर बायामाणसे रिकाम्या घागरी घेऊन उभी होती. टँकर कधी येणार, एवढेच त्यांना ऐकायचे होते. नेमके तेवढेच चेअरमन सांगायचे विसरले.

तरी ती वर्षे कामाची होती. मिलो, म्हणजे रेशनची परदेशी लाल ज्वारी आली, मुलांसाठी सुकडी आली, खडी फोडायच्या कामावर माणसे घ्यायची आहेत, असे मी ओरडलो की माणसे धावत येत आणि रिकाम्या हाताने परत जात नसत. त्यातून लोकांना वाईट सवय लागली. कर्ण्यावर सांगितले म्हणजे ते खरेच, असे ते मानू लागले. घरात कुणी काही बातमी आणली, तर म्हातारी माणसे विचारत, "कर्न्यावर सांगितलं का?" मान माझा होता, पण तो मिरवला सोसायटीच्या सेक्रेटरीने.

या सेक्रेटरीचे नाव भीमाशंकर. देवाने त्याला आवाज दिला आणि तेवढ्यावर हात आखडता घेतला. माईक हातात आला की त्याला थांबता येत नसे. जत्रेच्या कुस्त्यांत पैलवानाची पाठ लागायच्या आधीच तो निकाल सांगून मोकळा होई. कधी बरोबर निघे, तेव्हा वर्षभर सांगत फिरे. चुकीचा निघे, तेव्हा पैलवानानेच दगा दिला म्हणे. असली माणसे गावोगाव असतात, मित्रांनो. तुमच्याही गल्लीत असेल एखादा.

मग ब्याऐंशी साल आले. पावसाने पुन्हा पाठ फिरवली होती, आणि त्याच वर्षी लोहारा भागातल्या हायस्कुलांच्या मुलींची क्रॉसकंट्री अजिंक्यपद स्पर्धा आमच्या गावी भरायची ठरली. शाळेच्या मैदानातून निघायचे, ओढा ओलांडून टेकडीला वळसा घालायचा, पाझर तलावाच्या कडेने परत मैदानात यायचे, अशी वाट आखली होती. गावाला दुसरे काही काम नव्हते. मुली पळायच्या आधीच पहिली कोण येणार, हे ठरवायला सगळे सोसायटीच्या दारात बसले. मी दारावरच टांगलेला असल्यामुळे तो सगळा मूर्खपणा मला ऐकावा लागला.

बैल विकत घेताना पाहतात, तसे त्यांनी मुलींना पाहिले. फरक एवढाच, की बैल घेताना ते निदान डोके वापरतात. कुणाच्या घरी म्हैस आहे, कोण दुधातुपावर वाढली, कुणाचा बाप उंच आहे, यावर वाद झाले. शेवटी सगळ्यांचे मत जगदेवीवर आले. जगदेवी चेअरमन ईरण्णांची मुलगी. घरी दोन म्हशी, पायात सोलापूरहून आणलेले कॅनव्हासचे बूट, आणि बाप समोरच खुर्चीत बसलेला. अशा वेळी मत दुसरीकडे कसे जाईल?

तरी कुणाच्या मनात शंका राहू नये, म्हणून हणमंतप्पाला बोलावले. हा गावचा पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो रानात फिरे, आणि नारळ जिथे उभा राही तिथे विहीर खणायला सांगे. त्याने दाखवलेल्या विहिरींत पोरे उतरून गोट्या खेळत, तरी लोक त्यालाच विचारत. त्याने नारळ हातावर ठेवला, डोळे मिटले आणि एकेका मुलीचे नाव घेतले. जगदेवीच्या नावाला नारळ टुणकन उभा राहिला. ईरण्णा गालात हसले. हणमंतप्पाचा अंगठा नारळाखाली कसा सरकला, ते मला वरून स्पष्ट दिसले होते.

त्या नावांमध्ये मालनचे नाव नव्हते. तिचा बाप पिराजी पाझर तलावाच्या कामावर माती उपसत होता. घर गावाच्या कडेला, बौद्धवाड्यात. म्हैस नाही, त्यामुळे बिचाऱ्या नारळाला उभे राहायची संधीच मिळाली नाही.

पण तिच्याविषयी मला एक गोष्ट ठाऊक होती. आदल्याच आठवड्यात शाळेच्या धुरपताबाईंनी पिराजीला सोसायटीच्या दारात गाठले होते. या बाई मुलींची कवायत घेत. ऊसतोडीच्या टोळीबरोबर मालनला कारखान्यावर नेणार, असे त्यांच्या कानावर आले होते.

पिराजी म्हणाला, "बाई, पोरगी हुशार हाय, ठाऊक हाय मला. पर दिवाळी झाली की टोळी निघती. आमी दोघंबी गेल्यावर हिला एकलीला कुणापशी ठिवू?"

"पहिली येणाऱ्या मुलीला उस्मानाबादच्या वसतिगृहात जागा आहे. राहणं, जेवण, मॅट्रिकपर्यंत शाळा. पण जागा एकच आहे."

पिराजी म्हणाला, "पयली आली, तर म्या सोता न्हिऊन सोडतो. न्हाय आली, तर मातुर तुमी मला काय म्हनू नका."

मालन बापाच्या मागे उभी होती. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेला चालत जायचे सोडून पळत जाऊ लागली. ते कुणाच्या लक्षात आले नाही, कारण सगळे अंदाज बांधण्यात गुंतले होते.

शर्यतीच्या दिवशी मला मैदानातल्या कडुनिंबावर चढवले आणि माझे तोंड रानाकडे केले. मांडव घातला होता. पाहुण्यांना चहा होता, भजी होती. हणमंतप्पाला टेकडीमागच्या वळणावर उभे केले होते. वळसा घालणाऱ्या प्रत्येक मुलीच्या हाताला त्याने नीळ लावायची, म्हणजे कुणी वळसा चुकवून मधूनच आडवे येणार नाही. इतके सोपे काम होते, की नारळालाही जमले असते.

शिट्टी झाली आणि मुली निघाल्या. मालन आपल्या चपला बाईंच्या हातात देऊन पळाली. ओढ्यापर्यंत भीमाशंकरने जे दिसले ते सांगितले. मग मुली टेकडीमागे गेल्या. आता गप्प बसायचे. पण गप्प बसण्यासाठी जे लागते, ते त्याच्याजवळ कधीच नव्हते. तो टेकडीकडे पाठ करून खुर्चीत बसला, चहा बशीत ओतला आणि माझ्या तोंडून गर्जू लागला.

"टेकडी ओलांडली जगदेवीनं! सगळ्यांच्या पुढं जगदेवी! बाकीच्या मुली लई मागं राहिल्या! आता तिला गाठणं कुणाचं काम न्हाय!"

मांडव टाळ्या वाजवत होता. त्या टाळ्यांत हणमंतप्पाही होता. निळीची बाटली वळणावरच्या दगडावर ठेवून तो केव्हाच भज्यांसाठी परत आला होता. निकाल त्यानेच लावलेला, मग उन्हात उभे कशाला राहायचे?

मित्रांनो, या शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आले नाही, की माझा आवाज टेकडीपलीकडे जातो. मला विकत आणले होते तेच मुळी त्यासाठी. मुली पळत होत्या आणि ऐकत होत्या.

बऱ्याच वेळाने तलावाच्या कडेने एक मुलगी येताना दिसली. एकटी. मागे लांबपर्यंत कुणी नाही. मांडवातले लोक उठून उभे राहिले, जगदेवी म्हणून ओरडू लागले. ती जवळ आली तेव्हा ओरडणे बंद पडले. मालनने दोरी ओलांडली, दोन पावले पुढे जाऊन गुडघ्यांवर बसली. तिचा चेहरा रडवेला झाला होता. धुरपताबाईंनी तिला धरले तेव्हा तिने धापा टाकत विचारले, "बाई, जगदेवी कवा पोचली? म्या लई पळाले. पर ती दिसलीच न्हाय."

बाईंना काही समजेना. भीमाशंकरला मात्र ताबडतोब समजले. आपले बोलणे खोटे पडण्यापेक्षा मुलगी खोटी पडलेली त्याला परवडणार होती. "ऐका! ह्या पोरीच्या तोंडूनच ऐका! जगदेवी हिच्या पुढं हुती. मग ही आधी कशी आली? मधूनच आडवी आली!" हणमंतप्पाने मान डोलावली. "हिच्या हाताला नीळ कुठं हाय?" तो म्हणाला, आणि भजी खाल्लेला हात धोतराला पुसला.

मालनने हात पुढे केला. हात कोरडा होता. "तिथं मानूसच नव्हता," ती म्हणाली.

"कर्न्यावर तर जगदेवीचं नाव सांगत हुते," मांडवातून कुणीतरी ओरडले. लगेच दहा माणसे तेच म्हणू लागली. ज्यांनी डोळ्यांनी मालनला पहिली येताना पाहिले होते, तेच हे बोलत होते. त्या क्षणी मला या गावाची जेवढी किळस आली, तेवढी कधीच आली नव्हती. त्या गोंगाटात पिराजी कामावरून आला. अंगभर माती होती. तो मांडवाच्या बाहेरच उभा राहिला, आणि मुलीकडे पाहून त्याने मान खाली घातली.

तेवढ्यात जगदेवी आली. चार माणसे तिला उचलायला धावली. तिने त्यांचे हात झटकले. काय चालले आहे ते तिने ऐकून घेतले आणि थेट टेबलापाशी गेली. भीमाशंकरने मोठ्या कौतुकाने माईक तिच्या पुढे धरला. विजेतीचे दोन शब्द हवे होते ना त्याला!

"मी मागं होते," जगदेवी म्हणाली. ते माझ्यातून टेकडीपर्यंत गेले. "टेकडीला वळतानाच गर्दीत मालन मोहरं गेली, तिनं मला बघितलंबी न्हाय. मग तलावापतुर मला तिची पाठच दिसत हुती. वळणावर कुणीबी नव्हतं. ही नीळ मी दगडावरनं उचलून आणली." तिने बाटली टेबलावर ठेवली. मग ती बापाकडे वळली. "अप्पा, माझं नाव ऐकून मला पळताना लाज वाटत हुती. ह्यास्नी गप बसवा."

ईरण्णांनी एकदा बाटलीकडे पाहिले, एकदा हणमंतप्पाकडे. मग हाताने खूण केली आणि मालनला पहिली ठरवले गेले. माझ्या सगळ्या आयुष्यात माझ्यातून जगदेवीचे तेवढे चारच शब्द असे गेले, की ज्यांचा मला अभिमान आहे. बाकी सगळा वारा होता.

मालन बाईंजवळ उभी होती. तिने हळूच विचारले, "बाई, ती मागं हुती, तर मग म्या कुनाला गाठाया पळत हुते?" बाईंनी तिच्या चपला तिच्यापुढे ठेवल्या.

उत्तर पिराजीजवळ होते. तो माझ्या झाडाखाली आला आणि मुलीला म्हणाला, "तू तळ्यापासनं गेलीस तवा म्या डोळ्यानं बघितलं. मोहरं कुनी नव्हतं. तरीबी कर्न्याचं ऐकलं, आन् वाटलं, ती आधीच गेली असंल. खोरं टाकून खालीच बसलो बघ." त्याने डोळे पुसले, त्यामुळे गालावर माती फासली गेली. दिवाळीनंतर टोळी निघायच्या आधी तो मुलीला वसतिगृहात सोडून आला.

आणि भीमाशंकर? त्याच संध्याकाळी त्याने माझ्यातून जाहीर केले, की मालनबद्दल त्याला पहिल्यापासून खात्री होती. हणमंतप्पा म्हणाला, नारळ जरा हललाच होता. असल्या माणसांना लाज आणायला कर्णा पुरत नाही, मित्रांनो, तोफ आणावी लागते.

पुढच्या वर्षी पुन्हा शर्यत भरली. पुन्हा मुली टेकडीमागे गेल्या, पुन्हा भीमाशंकरने बशीत चहा ओतला आणि सुरू झाला, "सगळ्यांच्या पुढं आहे..." त्याला वाक्य पुरे करता आले नाही. मांडवाच्या आत, अगदी पुढच्या रांगेत, पिराजी उभा राहिला होता.

"सेक्रेटरीसाहेब," तो अगदी अदबीने म्हणाला, "तुमाला तितनं दिसतंय का?"

सगळा मांडव हसला. भीमाशंकरने बशी खाली ठेवली. मुली टेकडीमागून परत येईपर्यंत मी गप्प होतो, आणि टेकडीपलीकडे त्यांना पहिल्यांदाच फक्त आपल्या पायांचा आवाज ऐकू येत होता.

आता आवाजाचे नवे डबे आले आहेत, माझी कुणाला गरज नाही. माझ्यासारखे जुने सामान जपा, पुसा, रंगवा, असे इतर वस्तू तुम्हाला सांगतील. मी सांगणार नाही. मला पुसू नका. गांधीलमाश्यांना राहू द्या. फक्त कुणी मोठ्या आवाजात पुढचे सांगू लागला, की पिराजीसारखे उभे राहा आणि तेवढे एक विचारा.