चुन्याची रेघ

वादळाचा इशारा सकाळी आला आणि उमाजीभाऊंनी चुन्याचा डबा काढला. माजरीच्या खाणीत तीस वर्षं विजेचं काम करून ते चामोर्शीजवळच्या आपल्या गावी परतले होते. परसातल्या तीस फुटी लोखंडी खांबावर त्यांच्या हौशी रेडिओची तार होती. तिच्या जोरावर ते रोज संध्याकाळी दूरदूरच्या माणसांशी बोलत. आज तो खांब निजवायचा होता.

देवकाबाईंनी ओसरीवरून नवऱ्याला बजावलं, "कोणाले इजा झाली, तं हा खांब पुन्हा उभा नाई व्हाचा. भंगारात जाईन."

"कबूल."

खांब जिकडे निजणार, तिकडे त्याच्या लांबीहून जास्त जागा त्यांनी चुन्यानं आखली. जवळून विजेची तार जात नाही, हे दोनदा पाहिलं. "या रेघेच्या आत कोणी पाय नाई टाकाचा. अन् हुकूम एकाचाच, माहा."

खांबाच्या वरच्या भागाला बांधलेला दोर कडुनिंबाच्या बुंध्याला दोन वेढे देऊन सून रीतानं धरला. तिच्या मागे शेजारचा पत्रू. तलावात जाळी ओढून त्याचे दंड घट्ट झालेले.

"वेढे काऊन, भाऊ? मी एकटा धरतो ना."

"तुहा हात थकते. झाड नाई थकत."

बुडाच्या बिजागरीवर खांब कलू लागला. रीता दोर वीतवीत सोडत होती. अर्ध्यावर येऊन तो अडला आणि एका अंगाला वळला. त्याची बाजूची आधारतार गाय बांधायच्या खुंटीत गुंतली होती.

तलावात जाळं खोडात अडकलं की पहिली बुडी पत्रूची. विचारत बसलं तर मासळी जाते. तो दोर सोडून थेट खांबाखाली घुसला.

 हुकूम द्यायचं विसरून उमाजीभाऊही धावले, त्याचा दंड धरून ओढू लागले. दोघंही रेघेच्या आत, डोक्यावर खांब.

"रीता, अजून एक वेढा दे," ओसरीवरून देवकाबाईंचा शांत आवाज आला. "अन् तुमी दोघं, बाहेर या."

दोघं बाहेर आले. मग रेघेबाहेरून लांब बांबूनं तार सोडवली आणि खांब अलगद जमिनीला टेकला.

"चूक माही, बाई," पत्रू म्हणाला.

"नाई," उमाजीभाऊ म्हणाले. "खुंटी मी उपटाले पाह्यजे होती. अन् मी आत गेलो, तं हुकूम द्याले कोणी उरलाच नाई."

देवकाबाईंनी दोघांना पाणी दिलं. इजा थोडक्यात टळली होती, तरी उमाजीभाऊंना रात्रभर भंगारवाला दिसत राहिला.

वादळ येऊन गेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते परसात आले, तर गायीची खुंटी उपटलेली आणि चुन्याची रेघ नव्यानं आखलेली. पदर खोचून देवकाबाई ओसरीच्या पायरीवर उभ्या होत्या, आणि पत्रू कडुनिंबाजवळ.

"आज हुकूम माहा," त्या म्हणाल्या. "तुमी दोर धरा. अन् पत्रू, तू माह्याकडं पाह्य, खांबाकडं नाई."