तीनशे एकोणचाळीस नंबरची ज्योत

भागाबाईंनी काठीचं टोक मोरीच्या कठड्यापाशी टेकवलं.

"हे पाह्य. मुंग्या."

उत्कर्षा फ्रॉक पिळत होती. तिनं मान वळवून पाहिलं. फरशीच्या फटीतून मुंग्यांची बारीक काळी ओळ निघाली होती. तुळशीच्या कुंडीला वळसा घालून ती थेट त्या जागेपाशी आली होती, जिथं थोड्या वेळापूर्वी प्रांजली लघवीला बसली होती. ओल अजून वाळली नव्हती. तिच्या कडेनं मुंग्या गोल उभ्या होत्या, पाणवठ्यावर गुरं उभी राहावीत तशा.

"उन्हाळा लागला, आजी. मुंग्या निघणारच."

"पाण्यासाठी निघाल्या असत्या तर नळापाशी थांबल्या असत्या." भागाबाई नेहमीसारख्याच मोठ्यानं बोलत होत्या. "पोरगी पाणी किती पेऊन राहिली?"

"चार वर्षांची आहे. दिवसभर उन्हात पळते."

"रातच्याले अंथरूण ओलं करते?"

उत्कर्षानं पिळलेला फ्रॉक पुन्हा पिळला. गेल्या आठवड्यात तीनदा गादी वाळत घातली होती, हे या बाईंना भिंतीपलीकडून दिसलं असणार.

"दाखवून दे डॉक्टरले. मंग मले पागल म्हण."

"बघू," उत्कर्षा म्हणाली, आणि बादलीभर पाणी त्या जागेवर ओतून दिलं.

ती बेफिकीर आई नव्हती. प्रांजलीच्या तापाचे आकडे लिहायला तिची वेगळी वही होती. झोपलेल्या पोरीच्या छातीवर हात ठेवून ती श्वास मोजायची. पण सांगणारी बाई भागाबाई होती, आणि भागाबाईंचं बोलणं कोणी मनावर घेत नसे. स्मृति नगरच्या त्या गल्लीच्या मागच्या बाजूला एका खोलीत त्या एकट्या राहायच्या. नवरा पंजाबराव भिलाईच्या पोलाद प्लांटात कोक ओव्हनच्या भट्टीवर होता. त्याला जाऊन खूप वर्षं झाली होती. खोलीपुढे गोणपाटावर मोहाची फुलं वाळत पडलेली असत, आणि त्यांचा गोड, आंबूस वास दुपारचा भिंत ओलांडून यायचा. गल्लीतल्या बाया त्यांच्याशी बोलत, हसत. पण लेकरू त्यांच्याजवळ गेलं की काहीतरी निमित्त काढून त्याला हाक मारत.

उत्कर्षाही मारायची.

अकराव्या दिवशी प्रांजली पद्मनाभपूरच्या एका छोट्या दवाखान्यात होती. आदल्या संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या होत्या. डॉक्टरांनी लू, म्हणजे ऊन, लागली असं सांगितलं, छातीतही थोडं आहे म्हणाले, आणि सलाईन लावलं. रात्र गेली, सकाळ गेली. पोरगी झोपली होती, पण तिचा श्वास झोपलेल्याचा नव्हता. कुठूनतरी लांबून पळत आल्यासारखा तो खोल, भराभर चालला होता. उत्कर्षा मोजत होती. चाळीसच्या पुढे गेली की तिची मोजदाद चुकायची.

सासूबाई, कमलिनीबाई, नातीच्या तोंडावर वाकल्या आणि एकदम मागे झाल्या.

"हिच्या तोंडाले मोहाचा वास येऊन राहिला."

"आई, काहीतरीच."

"तू घे ना वास."

उत्कर्षानं नाक जवळ नेलं. वास होता. पिकून आंबायला लागलेल्या फळाचा, दुपारी भिंतीवरून येणारा. चार वर्षांच्या पोरीच्या दोन ओठांमधून तो येत होता, प्रत्येक श्वासाबरोबर, गरम.

"तिनंच चारलं काई." कमलिनीबाईंचा आवाज खाली गेला. "तिच्या घरचं लेकरू गेलं, ते काय असंच गेलं? लोक उगाच नाई म्हणत. टोणही हाये ते बाई."

उत्कर्षानं वनस्पतिशास्त्रात एमएस्सी केलं होतं. छत्तीसगडातल्या गावांमधून चेटकीण ठरवणाऱ्या या एका शब्दापायी बाया मारल्या जातात, हे ती पेपरात वाचायची, आणि कोणी सहज तो शब्द वापरला की तिथल्या तिथे अडवायची. त्या दिवशी तिनं अडवलं नाही. तिनं पोरीच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि दाराकडे पाहिलं.

दारात भागाबाई उभ्या होत्या.

त्यांना कोणी कळवलं नव्हतं. हातात काठी होती, दुसऱ्या हातात स्टीलचा छोटा डबा. त्या उंबरठ्याच्या आत आल्या नाहीत. तिथूनच प्रांजलीची छाती वरखाली होताना पाहत राहिल्या.

"श्वासाले वास येते काय?" त्यांनी विचारलं.

उत्कर्षा पलंग आणि दार यांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"तुम्ही काय खाऊ घातलं तिला?"

"म्या काई नाई दिलं, बाई."

"मग वास तुम्हाला कसा माहीत?"

भागाबाईंनी सलाईनच्या बाटलीकडे पाहिलं. म्हणाल्या, "रक्तातली साखर पाह्याले लाव त्याईले. आत्ता लाव."

"जा तुम्ही इथून. पुन्हा येऊ नका."

तिनं दार लावून घेतलं. दाराच्या दुधी काचेवर काठीची आणि डोक्यावरच्या पदराची सावली थोडा वेळ तशीच राहिली. मग नुसती काच उरली.

साखर पाहणं पाच मिनिटांचं काम होतं. नर्सला हाक मारली असती तरी झालं असतं. पण ते वाक्य ज्या तोंडातून आलं होतं, त्या तोंडाचं काही म्हणून करायचं नाही, एवढंच तेव्हा उत्कर्षाच्या मनात घट्ट बसलं होतं.

तीन वाजता नवरा, निखिल, ड्यूटीवरून सरळ दवाखान्यात आला. कमलिनीबाईंनी पिशवीतून नारळ काढून उत्कर्षाच्या हातात दिला.

"चैताचं नवरात्र सुरू हाये. देवी दोन गल्ल्यांवर बसली, आन् आपण इथं बसून राहिलो. मायच्या हातचं पोचते. जा."

रस्ता रिकामा होता. चैत्रातलं ऊन डांबरावर उभं होतं. देवळात पुजारी आडवा झालेला, गाभाऱ्यापुढे एक कुत्रं. उत्कर्षा हात जोडून उभी राहिली, पण तिला काही म्हणता येईना. देवाशी बोलायची सवय मोडून खूप दिवस झाले होते. आता नुसतं मागायला उभं राहायचं म्हणजे ओळख नसलेल्या घरी जेवणाच्या वेळी जाण्यासारखं वाटत होतं. ती बाजूला सरली, आणि तिला ज्योतींची खोली दिसली.

लांबलचक खोली, खिडकी एकही नाही, समोर लोखंडी जाळी. आत मातीच्या कलशांच्या रांगा, आणि प्रत्येक कलशावर एक ज्योत. नवस बोललेल्यांच्या, आजाऱ्यांच्या, परगावी गेलेल्यांच्या नावानं लावलेल्या शेकडो ज्योती, नऊ दिवस न विझू द्यायच्या. वारा नव्हता, म्हणून एकही हलत नव्हती. आतून भट्टीसारखी धग येत होती. ओलं धोतर नेसलेला एक सेवक अनवाणी पायांनी रांगांमधून फिरत तेल घालत होता. तो एकटा हलत होता. बाकी सगळं तिच्याकडे पाहत असल्यासारखं स्थिर.

जाळीशेजारी भिंतीवर नावांची यादी चिकटवली होती. उत्कर्षा ती वाचू लागली, देवीपुढे परत जाणं टाळण्यासाठी. वर्मा, साहू, देवांगन, राव, पुन्हा साहू. बोट खाली सरकत गेलं.

तीनशे एकोणचाळीस. प्रांजली निखिल वैरागडे, स्मृति नगर.

तिनं बोट काढलं. पुन्हा ठेवलं. नाव तिथंच होतं.

"भैया," तिनं जाळीतून हाक मारली, "ये तीन सौ उनतालीस किसने लिखवाया?"

सेवक जवळ आला. त्याचं नाव तेजराम होतं. जानव्याला लटकवलेल्या ओळखपत्रावर लिहिलं होतं. त्यानं वही आणून पानं उलटली.

"बूढ़ी दाई ने. स्मृति नगर वाली. डंडा लेके आती हैं."

"कब?"

"तेरह मार्च."

मुंग्यांचा दिवस बारा मार्च होता. तेरा तारखेला प्रांजली अंगणात पळत होती, हसत होती, पाण्याची बाटली तोंडाला लावत होती. धडधाकट पोरीच्या नावानं कोणी ज्योत लावत नाही. कमलिनीबाईंनी उच्चारलेला तो शब्द आता उत्कर्षाच्या स्वतःच्या आवाजात तिच्या डोक्यात वाजला. तिची पोर तिकडे श्वासाश्वासानं रिकामी होत होती, आणि इथं तिचं नाव लिहिलेलं काहीतरी जळत होतं.

"वो बुझा दो," ती म्हणाली.

तेजरामनं वही मिटली. "क्या बोल रही हो, बहनजी."

"मैं माँ हूँ उसकी. बुझा दो."

"नौ दिन हाथ नहीं लगाते. बुझानी होती तो दाई अपनी वाली छोड़ के इसकी क्यों लिखवाती?"

"कौन सी अपनी?"

तो खांद्यावरच्या पंच्यानं मान पुसत राहिला. सांगावं की नाही, याचा विचार करत असावा. "हर साल एक ही जलवाती थीं. अपने नाती अभिनव के नाम की. बीस-बाईस साल हो गए उसको गए. हम बोले, दाई, जो चला गया उसकी काहे जलाती हो. बोलीं, उसके टाइम में नहीं जलाई ना. इस बार आईं तो बोलीं, अभिनव का रहने दो, इस बच्ची का लिखो. इसको अभी काम आएगी."

"क्या हुआ था अभिनव को?"

"पानी बहुत पीता था. जहाँ मूते, वहाँ चींटी. फिर साँस से महुआ जैसा बास आने लगा. घरवाले समझे पड़ोसन ने कुछ खिला दिया है. तीन दिन झाड़-फूँक कराते रहे, और पड़ोसन से लड़ते रहे. बड़े अस्पताल पहुँचे तो डॉक्टर बोला, शक्कर की बीमारी थी, देर कर दी." तो रांगेकडे वळला. "दाई बोलती हैं, देवी तो बता रही थी, हम लोग सुने नहीं."

तो तीनशे एकोणचाळीस नंबरपाशी वाकला आणि तेल घातलं. ज्योत किंचित खाली बसली, मग सरळ झाली.

उत्कर्षानं नारळ जाळीच्या पायाशी ठेवला, न फोडता. तिनं फोन काढून नवऱ्याला लावला.

"निखिल, रक्तातली साखर बघायला सांग. आत्ता. मी येईपर्यंत थांबू नको."

"साखर? एवढ्याशा पोरीची? कोणी सांगितलं?"

तिनं जाळीतून आत पाहिलं.

"भागाआजींनी."

दवाखान्याच्या मशीनवर आकडा आलाच नाही. मशीन मोजू शकतं त्याच्या वर साखर गेली होती. ॲम्ब्युलन्समध्ये उत्कर्षानं पोरीचा हात धरला होता, आणि तिच्या मनात कसली प्रार्थना नव्हती, फक्त ती एक ज्योत होती. खाली बसलेली, मग सरळ झालेली. ती तिथं आहे, कोणीतरी तिच्यात तेल घालतंय, एवढ्यावरच ती भिलाईच्या मोठ्या हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत पोचली. तिथल्या डॉक्टरांनी निखिलला सांगितलं, संध्याकाळपर्यंत थांबला असता तर पोरगी हाती लागली नसती. त्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी प्रांजलीनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. नर्सनं चमच्यानं दिलं.

आठव्या दिवशी ते घरी आले. इन्सुलिनच्या बाटल्या फ्रिजच्या दारात, सुयांचा डबा देवघराखालच्या फळीवर. पोरगी झोपल्यावर उत्कर्षा मागच्या गल्लीत गेली.

खोलीला कुलूप होतं. गोणपाटावरचा मोह सुकून काळा पडला होता. गोणपाट कोणीच उचललं नव्हतं.

शेजारची रश्मी म्हणाली, "आजी तर त्याच दिवशी गेल्या ना. गठुडं घेऊन. भिलाई-3 ला पुतण्या हाये म्हणे, मारोतराव, रेल्वेत. मी म्हटलं कावून चालल्या, तर म्हणे, मी इथं राहिली तर ते पोरीचा इलाज सोडून माह्याशीच भांडत बसतीन."

उत्कर्षानं ते घरी येऊन सांगितलं. कमलिनीबाई वाती वळत होत्या. त्यांनी हातातली वात पुरी केली, दुसरी घेतली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या झाडू घेऊन मागच्या गल्लीत गेल्या, आणि कुलूप लावलेल्या दारापुढची जागा झाडून आल्या. तेव्हापासून रोज जातात.

भिलाई-3 च्या रेल्वे क्वार्टरमध्ये मारोतराव नव्हते. बदली होऊन गेले होते. नवीन लोकांनी कोणा म्हातारीला पाहिलं नव्हतं.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. आश्विनातल्या नवरात्राच्या आधी उत्कर्षा देवळात नाव लिहायला गेली. टेबलामागे नवीन माणूस होता. तिनं स्वतःचं नाव आणि पत्ता सांगितला तसं त्यानं पान उलटून पाहिलं.

"वैरागडे? प्रांजली का तो लिखा हुआ है. कल का."

"किसने लिखवाया?"

"मालूम नहीं. कल मैं नहीं बैठा था."

उत्कर्षा त्या ओळीकडे पाहत राहिली. निळी शाई, कोणाचंही असावं असं अक्षर. निखिलला तिनं तिथूनच फोन केला. त्यानं लिहिलं नव्हतं. कमलिनीबाईंनीही नव्हतं. खोलीतल्या ज्योती अजून पेटायच्या होत्या. जाळीमागे रिकाम्या कलशांच्या रांगा अंधारात तोंड उघडून बसल्या होत्या.

तिनं पुढच्या ओळीवर नाव लिहायला सांगितलं. भागाबाई पंजाबराव. पत्ता विचारला तेव्हा ती थांबली. तो रकाना मोकळाच राहिला.

घरी येऊन तिनं प्रांजलीला दुपारचं इंजेक्शन दिलं, वहीत आकडा लिहिला, आणि फोन घेऊन पायरीवर बसली. वस्तीच्या ग्रुपवर तिनं एक मजकूर लिहिला, पुसला, पुन्हा लिहिला. शेवटी पाठवला तो असा:

मी उत्कर्षा वैरागडे. आमच्या मागच्या खोलीत राहणाऱ्या भागाआजींना मार्चमध्ये मी दारातून घालवून दिलं. त्या कुठं आहेत, मला माहीत नाही. काल त्यांनी माझ्या मुलीचं नाव देवळात लिहिलं, असं मी धरून चालले आहे. हे वाचणाऱ्या प्रत्येकाला एकच विनंती. तुमच्या गल्लीत, मागच्या बाजूला, काठी घेऊन चालणारी एकटी म्हातारी कोणी नवीन राहायला आली असेल, तर आजच जाऊन बघा. दार वाजवलं आणि उत्तर आलं नाही, तर परत फिरू नका. त्यांना कमी ऐकू येतं. पुन्हा वाजवा.